ओर्का, गेमेस, गॉसियन: परवाना कुणाला मिळतो, कागद काय लागतात

रसायनशास्त्राच्या एमएस्सी भाग दोनला कॉम्प्युटेशनल, म्हणजे संगणकावर रेणूची गणितं करायचा, प्रोजेक्ट घेतला की पोरांचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘सर, गॉसियन कुठनं मिळंल?’ दुसरा जरा खालच्या आवाजात: ‘मित्राकडं क्रॅक आहे, चालंल का?’ नाही चालणार. पेपरात सॉफ्टवेअरचं नाव आणि आवृत्ती लिहावीच लागते. मग परवाना कुठाय हे कुणी विचारलं तर उत्तर गाईडला द्यावं लागतं. शिवाय कोल्हापुरातल्या साध्या लॅपटॉपवर, एक रुपया न भरता, रीतसर काम करता येतं. फक्त कुठल्या सॉफ्टवेअरला काय लागतं ते आधी माहीत हवं.

ही सॉफ्टवेअरं रेणूतल्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा आणि मांडणी काढतात आणि त्यावरून आयआर, यूव्ही, एनएमआरचे स्पेक्ट्रम (रेणू ओळखायचे आलेख) वर्तवतात. साय-फोर, पायएससीएफ आणि एनडब्ल्यूकेम या तिघांना अर्जच लागत नाही. ती मुक्त स्रोत आहेत, उतरवून घ्यायची आणि वापरायची. कंपनीच्या कामालाही चालतात. ज्याला कागदपत्रांचा कंटाळा आहे त्यानं इथंच थांबावं.

ओर्का जर्मनीतल्या म्युल्हाइमच्या माक्स प्लांक संस्थेत फ्रांक नेझे यांच्या गटानं वाढवलं. शैक्षणिक वापराला ते मोफत आहे, पण नोंदणी करून आणि करार मान्य करून. नोंदणीत नाव, संस्था, विभाग आणि ईमेल भरायचा असतो. ईमेल संस्थेचाच द्या. इथंच आपल्याकडची पोरं अडकतात, कारण बऱ्याच कॉलेजांत संस्थेचा ईमेल फक्त शिक्षकांना असतो. मी पूर्वी ज्या कॉलेजात होतो तिथं एका विद्यार्थ्याचा आयडी उघडायला तीन आठवडे लागले. अर्ज कार्यालयात, कार्यालयाचा शेरा ‘संगणक विभागाकडे’, संगणक विभागाचा शेरा ‘प्राचार्यांची सही हवी’. म्हणून प्रोजेक्टचा विषय ठरल्या दिवशीच विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र आणि बोनाफाईड जोडून आयडी मागा. नाव ओळखपत्रावर आहे तसंच लिहा. एका ठिकाणी आडनाव आधी आणि दुसरीकडं शेवटी, असं करू नका.

पात्रतेचा खरा प्रश्न ‘तुम्ही विद्यार्थी आहात का’ हा नाहीच. गणित कुणासाठी करताय, हा आहे. समजा एखादा जण दिवसा कागलच्या एमआयडीसीत लॅबला नोकरी करतो आणि पार्ट टाइम पीएचडीही करतोय. प्रबंधातल्या रेणूसाठी त्याला शैक्षणिक ओर्का चालतं. साहेबांनी दिलेला कंपनीचा रेणू त्याच मशीनवर चालवला, की करार मोडला. कंपनीसाठी वेगळा, पैसे भरून घ्यायचा परवाना आहे. ‘एकदाच केलं, कुणाला कळतंय’ हे कारण कुठंच चालत नाही.

गेमेसचं उलट आहे. अमेरिकेतल्या आयोवा स्टेट विद्यापीठाचा गट ते विनामूल्य देतो, उद्योगांनाही. संकेतस्थळावर फॉर्म भरायचा, अटी मान्य करायच्या, मग उतरवून घ्यायची माहिती ईमेलनं येते. मुख्य अट म्हणजे ती प्रत दुसऱ्याला वाटायची नाही. पेनड्राइव्हवर ज्युनियरला देणं हा आपल्याकडचा प्रेमळ रिवाज आहे, पण इथं तो बंद. ज्युनियरनं स्वतःचा अर्ज करायचा.

गॉसियन हे जॉन पोपल यांच्या गटानं १९७० साली सुरू केलेलं. पोपल यांना १९९८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, वॉल्टर कोन यांच्यासोबत. हे विकत घ्यावं लागतं. अर्ज विद्यार्थ्यानं करायचा नसतोच, खरेदी संस्था करते: विभागाची मागणी, कोटेशन, खरेदी समिती, सक्षम अधिकाऱ्याची सही. रेणूची चित्रं पाहायचं गॉसव्ह्यू वेगळं घ्यावं लागतं, ते मागणीपत्रात लिहायला विसरू नका. आधीच विभागात परवाना असेल तर फक्त गाईडकडून लॉगिन मागा.

लॅपटॉप पुरेना असं झालं की पुण्यातल्या सी-डॅकसारख्या सुपरकॉम्प्युटर केंद्राकडं वेळ मागता येतो. तिथंही अर्ज मार्गदर्शकाच्या नावानं जायला हवा. त्यात प्रकल्पाचा गोषवारा आणि किती कोर-तास (प्रोसेसरचे किती कोर गुणिले किती तास) लागतील याचा हिशोब द्यावा लागतो. १६ कोर २४ तास म्हणजे ३८४ कोर-तास. हा आकडा अंदाजानं टाकू नका, आधी छोटा रेणू चालवून बघा. समजा तुमचा खरा रेणू हळदीतलं करक्युमिन आहे: २१ कार्बन, २० हायड्रोजन, ६ ऑक्सिजन, एकूण ४७ अणू, म्हणजे अणूंच्या कंपनाच्या १३५ तऱ्हा (३ × ४७ उणे ६). डीएफटी या कमी खर्चाच्या पद्धतीनं ते चांगल्या लॅपटॉपवर निघतं. पण सीसीएसडी(टी) या अचूक पद्धतीत खर्च रेणूच्या आकाराच्या सातव्या घातानं वाढतो. रेणू दुप्पट केला की वेळ १२८ पट. अर्ज तपासणारा माणूस हेच बघतो, की मागणाऱ्याला आपण काय मागतोय ते कळलंय का.

परवाना हातात आला की करक्युमिनवर उडी मारू नका, आधी पाणी चालवा. ओर्काला एकापेक्षा जास्त कोर द्यायचे असतील तर प्रोग्रॅम पूर्ण पत्त्यासकट (फुल पाथ) बोलवा, आणि लिनक्सवर ओपन-एमपीआयची (अनेक कोरांना एकत्र कामाला लावणारं सॉफ्टवेअर) आवृत्ती ओर्काला जुळणारी ठेवा. निम्म्या तक्रारी इथंच मिटतात. मध्येच लाइट गेली तर घाबरू नका. एक्सवायझेड फाइलमध्ये (अणूंच्या जागांची फाइल) शेवटची रचना शिल्लक असते, तिच्यापासून पुन्हा सुरू करा. पाण्याच्या आउटपुटमध्ये नऊ फ्रिक्वेन्सी (कंपनांचे आकडे) दिसतील, पहिल्या सहा शून्य. उरलेल्या तीन प्रयोगातल्या १५९५, ३६५७ आणि ३७५६ सेंमी⁻¹ पेक्षा बहुधा थोड्या जास्त येतील, ते बरोबरच आहे. आकडा उणे आला तर रचना अजून स्थिरावलेली नाही. आणि ऑप्टिमायझेशन (रेणूची स्थिर रचना शोधणं) जमलं की ओर्का आउटपुटमध्ये चक्क ‘हुर्रे’ छापतं, ते शोधा.