थर्मोस्टॅटचं हाउसिंग: विहिरीच्या पाण्यापासून कूलंटपर्यंत

गणपती जवळ आले की मुंबई-गोवा महामार्गावरच्या गॅरेजांत 'गाडी तापते' ही तक्रार वाढते. बॉनेट उघडलं की रेडिएटरचा वरचा जाड होस इंजिनाच्या हेडला, म्हणजे वरच्या भागाला, जिथे मिळतो, तिथे बऱ्याच गाड्यांत दोन-तीन बोल्टांनी बसवलेलं एक झाकण दिसतं. तेच थर्मोस्टॅटचं हाउसिंग. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन पुरेसं तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. किनाऱ्यालगतच्या जुन्या गाडीत त्याच्या सांध्यावर पांढरी खपली धरलेली असते. झाकण काढावं तर पुष्कळदा आत थर्मोस्टॅट नसतोच, आधीच कुणीतरी काढून टाकलेला असतो. हा उपाय आपल्याकडे इतका मुरला आहे की त्याचा मागचा इतिहास पाहायलाच हवा.

सुरुवातीच्या मोटारींना थर्मोस्टॅट नव्हताच. फोर्डच्या मॉडेल टीच्या बहुतेक गाड्यांत पाण्याचा पंपसुद्धा नव्हता. तापलेलं पाणी हलकं होऊन वर चढायचं आणि रेडिएटरमध्ये निवून खाली यायचं. पंप आला तसं पाणी वेगाने फिरू लागलं, आणि थंडीत इंजिन गरमच होईना. म्हणून वाटेत झडप घालावी लागली. आधीच्या झडपा पातळ पत्र्याच्या भात्याच्या होत्या, आत चटकन उडणारा द्रव भरलेला. पुढे रेडिएटरला दाबाची टोपी आली. भात्यावर तापमानाबरोबर दाबाचाही परिणाम होई, त्यामुळे झडप उघडण्याची वेळ चुकू लागली. सर्जियस व्हर्नेट यांनी १९३४ मध्ये शोधलेली मेणाची झडप इथे उपयोगी पडली. धातूच्या कुपीतलं मेण वितळताना फुगतं आणि दांडा ढकलतं. दाबाचा त्यावर फारसा परिणाम होत नाही. आजच्या बहुतेक थर्मोस्टॅटमध्ये हेच मेण आहे. साधारण ८२ किंवा ८८ अंशांना झडप उघडायला लागते आणि पुढच्या दहा-पंधरा अंशांत पूर्ण उघडते. मेण गळून गेलं तर मात्र स्प्रिंग तिला बंदच ठेवते. मिस्त्री लोकांना थर्मोस्टॅटचा धसका बसला तो यामुळे.

आपल्याकडे ही गोष्ट घरोघरी पोचली ती अँबॅसडरमुळे. १९५९ पासून तिच्यात ब्रिटिश आराखड्याचं १४८९ सीसीचं इंजिन होतं. हेड बिडाचं, त्यातून उभे राहिलेले स्टड (आटे पाडलेले दांडे) पोलादाचे आणि त्यांवर बसणारं हाउसिंग ॲल्युमिनियमचं. इंजिनात पाणी घातलं जायचं ते हाताशी असेल ते. खाडीकाठच्या विहिरी वैशाखात मचूळ होतात. असं खारं पाणी आणि दोन वेगळे धातू एकत्र आले की त्यातला ॲल्युमिनियम झिजतो. गॅस्केटखालची (सांधा गळू नये म्हणून घातलेल्या पातळ थराखालची) बसण्याची जागा खड्ड्याखड्ड्यांची होते आणि स्टडभोवती पांढरी भुकटी घट्ट बसते. मग झाकण निघत नाही, जोर लावला तर स्टड तुटतो. आपण दोष खाऱ्या वाऱ्याला देतो. बाहेरून बोल्ट गंजतात ते वाऱ्याने हे खरं, पण हाउसिंग बहुतेक वेळा आतून सडतं, आणि ते पाण्यामुळे.

त्यात आपले घाट. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटरवर, तिथे पाणी दोनेक अंश आधीच उकळतं. पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये चढताना समोरून वारा लागत नाही, आणि जुन्या गाडीचा पंखा पट्ट्यावर, इंजिनाच्याच गतीने फिरणारा. कशेडी चढताना गाड्या थांबायच्या, कॅनमधलं पाणी ओतलं जायचं. नवा थर्मोस्टॅट जवळपास मिळेल याची खात्री नाही आणि बंद पडलेला थर्मोस्टॅट हेड गॅस्केट उडवतो. अशा वेळी तो काढून टाकणं हा त्या मिस्त्रीचा विचारपूर्वक घेतलेला निर्णय होता. कोकणात थंडीही बेताची, त्यामुळे थंड इंजिनाचा तोटा लगेच जाणवत नसे. त्या माणसांना अडाणी म्हणणं मला पटत नाही.

मात्र इंजिनं बदलली. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली ती ॲल्युमिनियमचं हेड घेऊन. असं हेड एकदा जास्त तापलं की वाकतं, आणि खारं पाणी तर त्याला अजिबात सोसत नाही. शिवाय कित्येक इंजिनांत थर्मोस्टॅटची खालची चकती बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळणारी, वाट बंद करते. थर्मोस्टॅट काढला तर ती वाट कायम उघडी राहते, गरम पाणी रेडिएटरला न जाता आतल्या आत फिरतं आणि गाडी घाटात उलट जास्तच तापते. एरवी इंजिन पुरेसं तापत नाही, पेट्रोल जास्त जातं, ऑइलमध्ये गाळ साचतो. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाचे कडक नियम पाळणाऱ्या) गाड्यांपैकी कित्येकांत तर इंजिन वेळेत तापलं नाही तर कंप्युटर ते ओळखतो आणि दिवा लावतो.

आता हाउसिंग बऱ्याचदा काचतंतू मिसळलेल्या नायलॉनचं असतं. त्याला गंज नाही, पण वर्षानुवर्षं तापून-निवून ते ठिसूळ होतं आणि होसच्या तोंडाशी किंवा शिवणीवर चीर जाते. काही गाड्यांत झडप आणि सेन्सरसकट अख्खा भागच बदलावा लागतो.

बदलण्याचं काम अवघड नाही, घाईचं मात्र नाही. इंजिन पूर्ण निवल्याशिवाय टोपी उघडू नये. जुनं गॅस्केट खरवडताना ॲल्युमिनियमवर चरे पडता कामा नयेत. नवा थर्मोस्टॅट बसवण्याआधी दोऱ्याला बांधून तापत ठेवलेल्या पाण्याच्या भांड्यात सोडावा, तळाला टेकू देऊ नये आणि शेजारी थर्मामीटर धरावा. कोरलेल्या आकड्याच्या आसपास झडप हलायला लागलेली डोळ्यांनी दिसते. चकतीवर छोटी हलती पिन असेल तर ती सहसा वरच्या बाजूला येते, म्हणजे अडकलेली हवा निघून जाते. सहा मिलिमीटरच्या बोल्टाला १० न्यूटन-मीटरच्या आसपास ताण पुरतो. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत बघावा. आणि पाणी घालायचंच तर डिस्टिल्ड, कंपनीने सांगितलेल्या कूलंटमध्ये (इंजिन थंड ठेवणाऱ्या, गंज रोखणाऱ्या द्रवात) मिसळून. विहिरीचं पाणी अडीअडचणीला वापरलंच, तर घरी पोचल्यावर ते काढून, धुऊन, पुन्हा कूलंट भरावं.