घरगुती हेड पोर्टिंग

घरगुती हेड पोर्टिंग : मोटारीच्या इंजिनाचे हेड (सिलिंडरांवरचे झाकण) उतरवून, त्यातले हवा-पेट्रोल आत नेणारे आणि जळका धूर बाहेर सोडणारे मार्ग (पोर्ट) हाताने कोरून प्रवाहातला अडथळा कमी करण्याचे काम. रेसिंगची इंजिने बांधणाऱ्या कारखान्यांत आता ते संगणकावर चालणाऱ्या मशिनवरही होते. हौशी माणूस मात्र घरच्या गॅरेजमध्ये एक हातग्राइंडर घेऊन ते करतो. ही हौस ब्रिटनमध्ये खोल रुजली, आणि तिथल्या हौशी मंडळींचे लाडके हेड म्हणजे ऑस्टिनच्या ए-सिरीज इंजिनाचे.

हे इंजिन 1951 मध्ये ऑस्टिन ए30 या गाडीतून आले, 1959 पासून मिनी या छोट्या गाडीत बसू लागले आणि 2000 मध्ये मिनीचे उत्पादन थांबेपर्यंत बनत राहिले. त्याचे हेड बिडाचे आणि साध्या रचनेचे. खपच एवढा होता की जुनी हेड सहज मिळत. एखादे बिघडले तरी हौस थांबत नसे. ज्वलनकक्षाचा (हवा-पेट्रोल जिथे पेटते त्या खळग्याचा) हृदयासारखा आकार हॅरी वेस्लेक यांचा. हवेचा प्रवाह प्रत्यक्ष मोजून हेड सुधारण्यात या ब्रिटिश अभियंत्याने हयात घालवली. पुढे विल्टशरमधल्या डाउनटन गावी डॅनियल रिचमंड यांच्या कारखान्याने कोरलेली मिनीची हेड इतकी नावाजली, की मिनी बनवणारी बीएमसी कंपनीही त्यांचा सल्ला घेऊ लागली.

ए-सिरीजच्या हेडात एक मूळचीच अडचण आहे. सिलिंडर चार, पण हवा आत येण्याचे पोर्ट दोनच : 1 आणि 2 मिळून एक, 3 आणि 4 मिळून दुसरे. इंजिन 1-3-4-2 या क्रमाने पेटते, त्यामुळे जोडीतले दोन्ही सिलिंडर लागोपाठ हवा ओढतात. आधी आतला (2 किंवा 3), लगेच बाहेरचा (1 किंवा 4), आणि मग बराच वेळ त्या पोर्टला काम नसते. आतल्याचा व्हॉल्व्ह (पोर्टची उघडझाप करणारे दार) पुरता मिटण्याआधीच बाहेरचा उघडतो आणि चालू झालेला प्रवाह स्वतःकडे ओढून घेतो. बाहेरच्या सिलिंडरांना त्यामुळे जास्त हवा मिळते. हा दोष कितीही कोरले तरी जात नाही. भरीला पुशरॉडची (व्हॉल्व्ह उघडायला लावणाऱ्या दांड्यांची) भोके पोर्टच्या अगदी शेजारून जातात, म्हणून पोर्ट रुंद करायला जागा थोडीच. धूर बाहेर जाण्याचे पोर्ट तीन असून मधला 2 आणि 3 या दोघांचा सामाईक आहे.

नवखा माणूस पहिला घाव घालतो तो दर्शनी भागावर, जिथे मॅनिफोल्ड (हेडला जोडणारा नळ्यांचा संच) बसतो तिथे. तोंड मोठे केले की हवा जास्त जाणार, असे वाटणे साहजिक आहे. पण बहुतेक हेडांत खरी अडचण आत असते : व्हॉल्व्हच्या सीटखालचा (व्हॉल्व्ह मिटताना जिथे टेकतो त्या कडेखालचा) घसा, गाइडभोवतीचा (व्हॉल्व्हचा दांडा ज्यातून सरकतो त्या नळीभोवतीचा) उंचवटा आणि पोर्ट जिथे खाली वळतो तिथली आतली, आखूड कड. हवा वेगाने त्या कडेवरून वळताना भिंत सोडते आणि घशाचा तेवढा भाग वाया जातो. ती कड गोलसर केली पाहिजे, पण खाली उतरवता कामा नये; उतरवली की वळण आणखी तीव्र होते आणि प्रवाह घटतो. तोंडापासून सरसकट पोर्ट मोठा केला तर हवेचा वेग पडतो, आणि इंजिनाच्या कमी फेऱ्यांवर, म्हणजे शहरातल्या रोजच्या चालवण्यात, गाडी मंद होते. काढलेले बीड परत भरता येत नाही. म्हणून घरच्या कामाचा कस कुठे हात लावायचा नाही हे ओळखण्यात लागतो.

घशाला एवढे महत्त्व का, हे साध्या भूमितीतून कळते. व्हॉल्व्ह व्यासाच्या पाव भाग उचलला, की त्याच्या कडेने मिळणारी वाट व्हॉल्व्हच्या पूर्ण क्षेत्रफळाएवढी होते. मिनी कूपर एसच्या सुमारे 35.6 मिमी व्यासाच्या इनटेक (हवा आत घेणाऱ्या) व्हॉल्व्हला ही उंची 8.9 मिमी येते. रस्त्यावरच्या गाडीचा कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा फिरता दांडा) सहसा तेवढाही उचलत नाही. म्हणजे जवळपास सगळा वेळ प्रवाहावर ताबा असतो तो सीटचा आणि तिच्या वरखालच्या काही मिलिमीटरांचा. घशाचा व्यास व्हॉल्व्हच्या सुमारे 85 ते 90 टक्के ठेवावा, असा सर्वसाधारण संकेत आहे. सीट 45 अंशांची, तिच्या वर 30 आणि खाली 60 अंशांचा उतार, हे कटिंग मात्र मशिन असलेल्या कारागिराकडूनच करून घ्यावे. घरी ते नीट साधत नाही, आणि साऱ्या कोरण्यापेक्षा बऱ्याचदा या तीन कोनांतूनच जास्त मिळते.

काम सुरू करण्याआधी हेडचा काळा थर काढतात. जुन्या हेडात शिसेयुक्त पेट्रोलचे अवशेष असू शकतात, त्यामुळे मास्कशिवाय घासू नये. नवी गॅस्केट लावून तोंडाची रेघ मारतात आणि प्रत्येक व्हॉल्व्हच्या जागी एक जुना व्हॉल्व्ह बसवतात. बर (ग्राइंडरचे कोरणारे टोक) निसटला तर ओरखडा सीटवर न जाता त्या जुन्या व्हॉल्व्हवर जातो. बर कार्बाइडचा, लांब दांड्याचा. तो पोर्टच्या आत टेकवूनच ग्राइंडर चालू करायचा. बाहेर हवेत पूर्ण वेगाने फिरवला तर दांडा वाकतो आणि हातातून उसळतो. बिडाचा कीस कोरडा, बारीक, काळा पडतो. ॲल्युमिनियमचे हेड असेल तर धातू बरच्या दातांत चिकटतो, म्हणून ॲल्युमिनियमसाठीचा मोठ्या दातांचा बर घेऊन त्याला अधूनमधून रॉकेल किंवा मेण लावतात. शेवटी 80 नंबरच्या साणपत्राचा रोल फिरवला की पुरे. कार्बोरेटरच्या गाडीत इनटेक पोर्ट आरशासारखा चकचकीत करण्यात फायदा नाही. किंचित खरबरीत भिंतीवर पेट्रोल ओघळून साचत नाही. धुराच्या बाजूला पॉलिश चालते, तिथे काजळी कमी धरते.

सगळे पोर्ट सारखे नसतात, याचे कारण ओतकामात आहे. पोर्टची पोकळी वाळूच्या कोअरने (साच्यात ठेवलेल्या गाभ्याने) बनते आणि कोअर थोडा सरकला की एका बाजूची भिंत पातळ होते. कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या फाउंड्र्यांत काम केलेल्यांना हे सांगावे लागणार नाही. घरी मात्र ही जाडी डोळ्यांना दिसत नाही. एका पोर्टचा साचा घेऊन बाकीचे डोळे मिटून तसेच कोरणारा माणूस कधीतरी पाण्याच्या जॅकेटमध्ये (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पोकळीत) भोक पाडतो.

ज्वलनकक्षात दोन व्हॉल्व्हच्या मधे येणारी बिडाची चोच इनटेक व्हॉल्व्हच्या बाजूने थोडी मागे घेतात. इथे हिशेब ठेवावा लागतो. 1275 घनसेंमी इंजिनात एका सिलिंडरला सुमारे 319 घनसेंमी येतात. पिस्टन वर असताना उरणारी जागा 35.4 घनसेंमी असेल तर कॉम्प्रेशन (हवा-पेट्रोल किती पट दाबले जाते ते प्रमाण) 10:1 पडते. कोरताना ती फक्त 2 घनसेंमीने वाढली तरी ते 9.5:1 वर येते. म्हणून कक्षावर भोक पाडलेली ॲक्रिलिकची काच ग्रीस लावून बसवतात, ब्युरेटने द्रव सोडून चारही कक्षांचे घनफळ मोजून सारखे करतात आणि मग हेडचे सरफेस ग्राइंडिंग करून कॉम्प्रेशन परत आणतात.

ब्रिटनमध्ये 1999 संपताना शिसेयुक्त पेट्रोलची सर्वसाधारण विक्री बंद झाली. तेव्हापासून या हेडात कडक धातूच्या एक्झॉस्ट (धुराच्या बाजूच्या) सीट बसवून घेण्याचा प्रघात पडला, कारण शिशाविना बिडाची सीट झिजून व्हॉल्व्ह आत धसत जातो. नवी सीट बसली की तिच्या खाली पायरी राहते. ती मिळवून घेणे हे आता पोर्टिंगचेच काम झाले आहे.

प्रवाह मोजण्यासाठी काही हौशी व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटरी, पारदर्शक नळीतले रंगीत पाणी आणि भोकाची पट्टी जोडून घरीच फ्लो बेंच बनवतात. कारखान्यांत 28 इंच पाण्याच्या दाबफरकाला मोजण्याची पद्धत आहे. घरच्या मोटरी 10 इंचांवर दमल्या तर आकड्याला 1.67 ने गुणतात. दोन वेगळ्या बेंचांचे आकडे शेजारी मांडण्यात अर्थ नसतो. स्वतःच्या बेंचवर कोरण्याआधीचा आणि नंतरचा आकडा मात्र खरे बोलतो.

आपल्याकडे अॅम्बेसेडरचे 1489 घनसेंमीचे पेट्रोल इंजिन याच घराण्यातले, बीएमसीच्या बी-सिरीजचे. त्याच्याही हेडात इनटेकचे पोर्ट दोन आणि धुराचे तीन, त्यामुळे वर सांगितलेले जवळपास सारे त्याला लागू पडते.