वर्धेचा गाळ आणि बंगालचा उपसागर

विदर्भाला समुद्र नाही, म्हणून समुद्राच्या प्रदूषणाशी आपलं काही देणंघेणं नाही असं आपण धरून चालतो. पण वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते, ती सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते आणि हे सगळं पाणी आंध्रातून बंगालच्या उपसागरात जातं. चंद्रपूरकडच्या कोळसा खाणी, वीजकेंद्र, कागद आणि सिमेंटचे कारखाने याच खोऱ्यातले.

सांडपाण्यातली सेंद्रिय घाण जिवाणू खातात आणि पाण्यात विरघळलेला प्राणवायू संपवतात. ३० अंशांच्या स्वच्छ पाण्यातही तो लिटरमागे जेमतेम ७.५ मिलिग्रॅम असतो. म्हणून उन्हाळ्यात पहाटे डोहातले मासे वर येऊन तोंडं उघडतात. मासेमारी करणाऱ्या ढिवरांना ते लगेच कळतं. ही घाण तरी पुढच्या वाहत्या पाण्यात बरीचशी जिरते.

पाऱ्याचं, शिशाचं तसं नाही. कोळशात मुळातच थोडा पारा असतो. जळल्यावर काही हवेत जातो, काही राखेत उरतो. पाण्यात उतरलेले हे धातू आपल्या काळ्या मातीच्या बारीक कणांना चिकटतात. या कणांवर ऋण भार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर लोटतात आणि गढूळ पाणी कोसच्या कोस गढूळच राहतं. बंधाऱ्यांमागे त्यातला बराच गाळ अडतो, सगळा नाही. खाडीत खारं पाणी लागलं की क्षार तो भार मारतात. कणांच्या गाठी होतात आणि त्या तळाशी बसतात. माठातल्या गढूळ पाण्यात तुरटी फिरवल्यावर होतं तेच.

आणि बसतात कुठे? काकीनाड्याजवळच्या कोरिंगाच्या खारफुटीसारख्या जागी, जिथे मासे, खेकडे, कोळंबीची पिल्लं वाढतात. गोदावरीतल्या मोठ्या नदी-झिंग्यांची पिल्लंही आधी मचूळ पाण्यात वाढतात, मग नदीत वर चढतात. तिथल्या प्राणवायू नसलेल्या चिखलात काही जिवाणू पाऱ्याचा मिथिल पारा, म्हणजे त्याचं जास्त विषारी रूप, करतात. तो शरीरातून लवकर निघत नाही. प्लवकातून, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जिवांतून, झिंग्यात, झिंग्यातून माशात, दर टप्प्याला त्याचं प्रमाण वाढत जातं. जपानच्या मिनामाता खाडीत कारखान्याच्या सांडपाण्यातून थेट मिथिल पाराच गेला, माशांत असाच साचला आणि ते मासे खाणारी माणसं आजारी पडली; १९५६ मध्ये तो आजार पहिल्यांदा नोंदला गेला.

नदीत सोडायच्या सांडपाण्यात पाऱ्याची मर्यादा लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम आहे. पण ती पाण्याची मोजणी झाली, आणि पारा साचतो गाळात. नदीकाठच्या ग्रामसभांनी मे महिन्यात डोहाच्या तळचा गाळ तपासून मागावा, आणि पूर ओसरल्यावर त्याच जागचा पुन्हा.