बारा दिवसांचे पुस्तक: बालसाहित्यातील ‘अस्सलपणा’च्या वादाची पार्श्वभूमी

५ जानेवारी २०१६ रोजी अमेरिकेत पहिल्या राष्ट्राध्यक्षांच्या आचाऱ्यावरचे लहान मुलांचे एक चित्रपुस्तक बाजारात आले आणि १७ जानेवारीला प्रकाशकानेच ते परत मागवले. एखाद्या समाजाची गोष्ट मुलांना कोणी सांगावी आणि कशी सांगावी, या वादात आजही हे उदाहरण दोन्ही बाजू वापरतात.

वाद अर्थातच जुना आहे. त्याचे एक मूळ तर आपल्याकडे येते. १८९९ मध्ये लंडनला छापलेल्या एका इवल्याशा पुस्तकात वाघ झाडाभोवती धावून धावून वितळतात आणि त्यांचे चक्क तूप होते. आई त्या तुपात धिरडी करते आणि मुलगा १६९ धिरडी फस्त करतो. लेखिका स्कॉटिश होती. तिचा नवरा हिंदुस्थानातील वैद्यकीय सेवेत होता आणि पुढे मुंबईच्या प्लेग प्रयोगशाळेचा प्रमुख झाला. वाघ आणि तूप इथले, पण मुलाचे नाव आणि चेहरा कृष्णवर्णीयांच्या टवाळीचा. अमेरिकेतील आवृत्त्यांनी ती टवाळी आणखी भडक केली. १९९६ मध्ये या गोष्टीची दोन नवी रूपे आली. एकाने मुलाला भारतीय नाव आणि भारतीय वेश दिला. दुसऱ्यात कृष्णवर्णीय लेखक-चित्रकारांनी गोष्ट अमेरिकेच्या दक्षिणेत नेऊन आपलीशी केली. दोन्ही दुरुस्त्या प्रामाणिक होत्या, पण त्यांनी सुधारलेल्या चुका वेगवेगळ्या होत्या. पहिलीच्या लेखी मूळ पुस्तकात मुलूख चुकला होता, दुसरीच्या लेखी माणसांचा अपमान झाला होता.

अमेरिकेतील बालपुस्तकांत कोण दिसते आणि कोण नाही, ही बाब आकड्यांत ठळकपणे मांडली गेली ती १९६५ मध्ये. एका शिक्षणतज्ज्ञ बाईंनी १९६२ ते १९६४ या तीन वर्षांतील ५,२०६ बालपुस्तके धरून हिशेब केला. त्यांपैकी फक्त ३४९ पुस्तकांत, म्हणजे ६.७ टक्क्यांत, एखादी तरी कृष्णवर्णीय व्यक्ती दिसत होती. पुढे १९९० मध्ये एका प्राध्यापिकेने दिलेली उपमा घराघरांत पोहोचली: पुस्तक मुलासाठी स्वतःला पाहण्याचा आरसाही असते आणि इतरांचे जग पाहण्याची खिडकीही. १९८५ पासून विस्कॉन्सिनमधील एक ग्रंथालय दरवर्षी मोजदाद करत आहे. त्याच्या २०१८ च्या आकड्यांनुसार निम्म्या पुस्तकांचे नायक गोरे होते, २७ टक्क्यांत प्राणी किंवा वस्तू होत्या आणि कृष्णवर्णीय नायक १० टक्क्यांत होते. सशाला आरसा मिळण्याची शक्यता कृष्णवर्णीय मुलापेक्षा जास्त होती, हे मला आजही टोचते.

सप्टेंबर २०१५ मध्ये एका डच लेखिकेने समाजमाध्यमावर एक हॅशटॅग सुरू केला: ‘ओन व्हॉइसेस’, म्हणजे ‘आपले आवाज’. नायक ज्या उपेक्षित गटातला, त्याच गटातल्या लेखकाने लिहिलेली पुस्तके सुचवण्यासाठी ती खूण होती, एवढेच. मराठी वाचकाला हा सूर अनोळखी नाही. दलित साहित्याच्या चर्चेत स्वानुभव की सहानुभूती यावर आपण दशकानुदशके भांडलो आहोत. पण एक फरक आहे. आत्मकथनात अनुभव आणि लेखणी एकाच हातात असते. चित्रपुस्तकात शब्द एकाचे, चित्रे दुसऱ्याची आणि शेवटचा शब्द संपादकाचा. मग ‘आपला’ आवाज यांतला नेमका कोणाचा? चारच महिन्यांत हा प्रश्न प्रत्यक्ष उभा राहिला.

सुरुवातीला सांगितलेल्या, बारा दिवसांत परत मागवलेल्या त्या पुस्तकाची गोष्ट साधी होती. अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांचा वाढदिवस आहे, केक करायचा आहे आणि साखर संपली आहे. मुख्य आचारी हर्क्युलिस आणि त्याची मुलगी धावपळ करून मधावर वेळ निभावतात. मुदपाकखान्यात सगळे हसत आहेत. हर्क्युलिस वॉशिंग्टनचा गुलाम होता. लेखिका त्रिनिदादी-इराणी वंशाची, चित्रकार कृष्णवर्णीय, संपादकही कृष्णवर्णीय आणि या क्षेत्रात वर्षानुवर्षे काम केलेली. ‘कोणी लिहिले’ हीच कसोटी धरली तर यापेक्षा अधिक काय मागणार?

खटकले ते हसू. संपादकांनी सुरुवातीला बाजू मांडली की हर्क्युलिसला आपल्या हुन्नराचा अभिमान होता. ते खरेही असेल. पण पेन्सिल्व्हेनिया राज्यातल्या फिलाडेल्फियात, म्हणजे तेव्हाच्या राजधानीत, हाच हर्क्युलिस कोणत्या अटींवर राहत होता, ते पाहा. पेन्सिल्व्हेनियाच्या १७८० च्या कायद्याप्रमाणे बाहेरून आणलेला गुलाम तिथे सहा महिने राहिला तर मुक्ती मागू शकत असे. म्हणून मुदत भरण्याआधी वॉशिंग्टनच्या गुलामांना राज्याबाहेर फिरवून आणले जाई. शेवटी हर्क्युलिसला स्वयंपाकघरातून काढून वॉशिंग्टनच्या माउंट व्हर्नन या इस्टेटीच्या जमिनीवर माती खणायला, खत पसरायला लावले. तिथून तो पळाला, तो दिवस २२ फेब्रुवारी १७९७, म्हणजे वॉशिंग्टनचा पासष्टावा वाढदिवस. ज्याच्या वाढदिवसाचा केक मुलांना दाखवला, त्याच्याच वाढदिवशी आचारी निघून गेला होता. हे पुस्तकात नव्हते असे नाही. शेवटच्या पानांवर, लेखिकेच्या टिपणात होते. पण पाच वर्षांचे मूल टिपणे वाचत नाही, ते चित्रे वाचते.

चित्रांतल्या अतिआनंदीपणाबद्दल आपण आधीच शंका काढली होती, असे लेखिकेने नंतर लिहिले. चित्रपुस्तकांच्या व्यवसायात लेखक आणि चित्रकार यांची सहसा गाठही पडत नाही. चूक एकीचीच ठरवणे म्हणूनच अन्यायाचे वाटते. पुस्तक मागे घेतल्यावर अभिव्यक्तिस्वातंत्र्यवाले संघटितपणे विरोधात उभे राहिले. सदोष पुस्तकावर चर्चा व्हावी, ते उचलून नेऊ नये, असे त्यांचे म्हणणे होते.

प्रकाशकाच्या निवेदनाचा आशय असा होता की गुलामगिरीच्या क्रौर्याची पुरेशी पार्श्वभूमी इतक्या लहान मुलांच्या पुस्तकात देता येत नाही आणि तिच्याशिवाय चुकीचे चित्र उभे राहते. पुस्तक चुकीचे होते हे मला पटते. देता येत नाही, हे मात्र अजिबात पटत नाही. एप्रिल १७९७ मध्ये माउंट व्हर्ननला आलेल्या एका फ्रेंच राजपुत्राने डायरीत एक प्रसंग टिपला आहे. हर्क्युलिसची सहा वर्षांची मुलगी मागे राहिली होती. वडील पुन्हा दिसणार नाहीत याचे तुला वाईट वाटत असेल ना, असे राजपुत्राच्या नोकराने तिला विचारले. ती म्हणाली, उलट मला फार आनंद आहे, कारण आता ते मुक्त आहेत. सहा वर्षांच्या मुलीने जे एका वाक्यात सांगितले, ते सहा वर्षांच्या वाचकाला पेलणार नाही असे कसे म्हणायचे?

पुढचे थोडक्यात. छपाईआधी मजकूर त्या त्या समाजातल्या वाचकाला पैसे देऊन दाखवण्याची पद्धत वाढली. ‘ओन व्हॉइसेस’ हे शब्द मात्र जाहिरातीचे झाले. लेखकांना आपली खाजगी ओळख जाहीर करणे भाग पडू लागले. जून २०२१ मध्ये विविधतेसाठी झटणाऱ्या एका प्रमुख संस्थेने हा शब्दप्रयोग वापरणे थांबवले. त्याऐवजी लेखक स्वतःची जी ओळख सांगेल, तीच नेमक्या शब्दांत द्यावी असे ठरले.

हर्क्युलिस पळून कुठे गेला, हे दोन शतके कोडेच होते. २०१९ मध्ये जुनी कागदपत्रे जुळवून माग लागला: तो न्यूयॉर्कमध्ये हर्क्युलिस पोझी या नावाने राहिला आणि १८१२ मध्ये तिथेच वारला. हा माग काढणाऱ्या दोघींपैकी एक त्या मागे घेतलेल्या पुस्तकाची लेखिका होती.