मासा चावत नाही, चूळ भरतो

निफाडचा पारा घसरल्याची बातमी डिसेंबर-जानेवारीत आमच्या नाशिककरांना दरवर्षी ठरलेली. द्राक्षबागांमधल्या शेकोट्यांचे फोटो येतात आणि गंगापूर रोडवर फिरायला जाणारे कानटोप्या घालतात. यंदा ती बातमी वाचत चहा घेत होतो, तेवढ्यात इंग्लंडहून भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. नाक लाल झालेलं, हातात लांबलचक रॉड, मागे धुक्यातलं तळं.

"मामा, सकाळपासून आठ वेळा ओढ लागली आणि हाती एकच ट्राउट. थंडीत मासे मठ्ठ होतात का रे?"

त्याच्या आईचं, म्हणजे माझ्या ताईचं, उत्तर तयार होतं. निघताना तिने फोनवर "कुठे निघालास?" असं विचारलं होतं, त्यामुळेच हे झालं! मोबाइलमधल्या अ‍ॅपने मात्र चंद्राची कला पाहून "आजचा दिवस उत्तम" असा निर्वाळा दिला होता. ताई आणि अ‍ॅप यांच्यात मला फारसा फरक दिसत नाही. ताईने निदान पैसे तरी मागितले नाहीत.

भाचा करतो ते फ्लाय फिशिंग. फ्लाय म्हणजे माशी, पण खरी नव्हे. बारीक गळाला पिसं, दोरा, चमकती तार गुंडाळून केलेला किड्याचा सोंगाड्या. ट्राउट हा थंड पाण्यातला मासा. आपल्याकडे तो ब्रिटिशांनी आणला, काश्मीरमध्ये १९०० च्या सुमारास, आणि आज तो हिमाचलात नि मुन्नारकडेही आहे. गंगापूर धरणात सोडला तर आपल्या उन्हाळ्यात टिकायचा नाही. १० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, ३० अंशांना जेमतेम साडेसात. ट्राउटची भूक या पहिल्या आकड्याची.

थंडीचा भाग आधी उरकतो. माशाचं रक्त पाण्याइतकंच गार किंवा गरम असतं, त्यामुळे पाणी १० अंशांनी उतरलं की शरीराचा कारभार साधारण निम्म्यावर येतो. स्नायू हळू आकसतात, खाल्लेलं पचायला वेळ लागतो. शिवाय ५ अंशांचं पाणी २० अंशांच्या पाण्यापेक्षा दीडपट चिकट असतं. असा मासा भक्ष्याचा पाठलाग करत नाही, जवळ येईल ते उचलतो. पाणी ४ अंशांना सर्वांत जड असतं, हे शाळेत शिकलोच आहोत. त्यामुळे गोठू घातलेल्या तळ्यात ऊब तळाशी असते. आणि तळाच्या चिखलात असतात कायरोनोमिड नावाच्या किड्यांच्या अळ्या. नाशिकमध्ये नदीकाठच्या दिव्यांभोवती डासांसारखे दिसणारे, पण न चावणारे थवे पाहिले असतील, त्यांच्याच जातकुळीतल्या. यातल्या बऱ्याच अळ्या लालभडक असतात, कारण त्यांच्यात आपल्यासारखंच हिमोग्लोबिन असतं. चिखलातला तुटपुंजा ऑक्सिजन धरून ठेवायला ते कामी येतं. तांदळाएवढ्या या किड्यांवर ट्राउट हिवाळा काढतो. भाच्याची माशीसुद्धा त्यांचंच सोंग होती.

म्हणजे मासे मठ्ठ नव्हते. आठ वेळा त्यांनी माशी तोंडात घेतली होती. गोंधळ त्यापुढचा आहे.

आपण म्हणतो मासा गळाला "चावला". गंमत अशी की असा किडा खाताना मासा चावतच नाही. तो तोंडाची पोकळी झटक्यात फुगवतो. खालचा जबडा उघडतो, घशाचा तळ खाली जातो, कल्ल्यांची झाकणं बाहेर फाकतात. लोहाराचा भाता उघडावा तसं. आतला दाब पडतो, पाणी आत धावतं आणि त्याबरोबर किडाही. पाणी कल्ल्यांतून बाहेर, किडा आत. सगळा खेळ सेकंदाच्या काही शतांशांचा. आपली रोहू, कटलाही हेच करतात.

आता एक प्रयोग करा. मेणबत्ती लावा आणि वीतभर अंतरावरून फुंकर मारा. विझेल. तिथूनच तोंडाने जोरात हवा ओढून विझवायचा प्रयत्न करा. ज्योत हलणारसुद्धा नाही. फुंकर एका दिशेने झोत बनून जाते, ओढलेली हवा मात्र चहूबाजूंनी येते. माशाचंही तसंच. समजा त्याच्या तोंडाचं भोक २ सेंटिमीटर व्यासाचं आहे. त्याचं क्षेत्रफळ पाय (π) गुणिले त्रिज्येचा वर्ग, म्हणजे सुमारे ३ चौरस सेंटिमीटर. आता तोंडापासून २ सेंटिमीटरवर सगळीकडून वेढणारा एक गोल कल्पा. त्याचं क्षेत्रफळ चार पाय गुणिले त्रिज्येचा वर्ग, म्हणजे सुमारे ५०. तोंडात जाणारं सगळं पाणी आधी या गोलातून जायला हवं. जागा सोळापट, म्हणून वेग एक-सोळांश. ४ सेंटिमीटरवर गेलात तर एक-चौसष्टांश. (मागे माशाचं स्वतःचंच डोकं आडवं येतं, म्हणून हा हिशेब ढोबळ आहे. पण ओढ तोंडाच्या रुंदीभर अंतरात जवळजवळ संपते, हे प्रयोगशाळेतही दिसलं आहे.)

थोडक्यात, माशाला किड्याला नाक लावून उभं राहावं लागतं आणि मगच ओढावं लागतं. खरा किडा पाण्याबरोबर तरंगत आत जातो, कारण त्याला कोणी बांधलेलं नसतं. भाच्याची माशी बांधलेली होती. पाणी आत गेलं, माशी तोंडाच्या दारात अडकली.

इथे दोरीची जाडी येते. गोल तंतूचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घातानुसार वाढतो. म्हणजे तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) निम्म्या जाडीची घेतली तर ती सोळापट लवचीक. पुन्हा सोळा! (आधीच्या सोळाशी याचा संबंध नाही, पण आकडा पाहून मला उगाच आनंद झाला.) माशी पक्क्या गाठीने आवळली की ती दोरीच्या टोकाशी काडीसारखी ताठ राहते. गाठीऐवजी छोटा फास ठेवला तर ती बिजागरीवर हलावी तशी मोकळी हलते. तोंडात खोल जायची शक्यता वाढते. गार पाण्यात माशाची ओढ मुळातच मंदावलेली, त्यामुळे हा फरक हिवाळ्यात जास्त जाणवायला हवा.

मग दोरी अगदी सैलच सोडावी का? नाही, कारण गोष्टीचा दुसरा अर्धा भाग उरतो. काहीतरी टणक, बेचव तोंडात आलं हे माशाला ताबडतोब कळतं आणि तो तोच भाता उलटा चालवतो. चूळ भरून टाकावी तसं पाणी आणि माशी बाहेर. आपल्याला काही दिसून हात हलायला पाव सेकंद लागतो. त्यात दोरीला झोल असेल तर आधी झोल निघणार, मग नायलॉन ताणलं जाणार (१० मीटर नायलॉन एक टक्का ताणलं तरी १० सेंटिमीटर गेले), आणि मग गळाला कळणार की कोणी ओढतंय. तोवर मासा पुढच्या किड्याकडे. भाच्याला आठ ओढी "लागल्या" त्या त्याला जाणवलेल्या. न जाणवलेल्या किती, ते त्या तळ्यालाच ठाऊक.

म्हणून झोल नको आणि ताणही नको. रॉडचं टोक पाण्याला टेकवून माशीच्या दिशेने धरायचं, दोरी बोटांत अगदी सावकाश गोळा करत राहायची. ओढ जाणवली की रॉड वर उडवायची नाही. तिथे बहुतेकांचा हात आपोआप वर जातो. लांब लवचीक रॉड ही उलटी तरफ आहे, हाताचा जोर ती स्वतः वाकण्यात खर्च करते. त्याऐवजी दुसऱ्या हाताने दोरी सरळ मागे खेचायची. आणि गळाचं टोक अंगठ्याच्या नखावर तपासायचं. घसरलं तर बोथट, अडकलं तर ठीक. टोक जितकं बारीक तितका तेवढ्याच जोरात दाब जास्त, एवढं साधं गणित. तरी लोक माशी दोनशे रुपयांची घेतात आणि गळाला धार लावायची कानस घेत नाहीत.

भाच्याने पुढच्या रविवारी बारीक दोरी, फास आणि सरळ ओढ असं सगळं केलं. सहा ओढी, तीन मासे. तो खूश. मी म्हटलं, आठात एक आणि सहात तीन यावरून काही सिद्ध होत नाही, त्या दिवशी वारा वेगळा असेल, माशांची भूक वेगळी असेल. "मामा, तू ना..." म्हणून त्याने फोन ठेवला.

इकडे माझा निफाडचा बागायतदार मित्र हे ऐकून दारणा नदीच्या काठी बारीक तंगूस घेऊन बसला. पहाटे विहिरीचं कोमट पाणी बागेला सोडून थेट तिथेच आलेला. पहिल्या तासात त्याची दोरी दोनदा तुटली, दुसऱ्यांदा चांगल्या मोठ्या कटल्यासकट. ते माझं चुकलं. दोरीची ताकद व्यासाच्या वर्गाने बदलते, म्हणजे निम्मी जाडी केली की लवचीकपणा सोळापट, पण ताकद एक-चतुर्थांश. किलोभराच्या ट्राउटला ती पुरते, दारणेतल्या कटल्याला नाही. हे मी त्याला आधी सांगायला हवं होतं. त्याने मुकाट्याने जाड तंगूस परत चढवली, गाठीऐवजी फास मात्र ठेवला आणि थर्मासमधला चहा एकट्यानेच प्यायला.