सायन्स एज्युकेशन इनिशिएटिव्ह

सायन्स एज्युकेशन इनिशिएटिव्ह : विद्यापीठातील विज्ञानाचे अध्यापन शैक्षणिक संशोधनाच्या आधारे बदलावे, यासाठी विभागांना पैसा व तज्ज्ञ मनुष्यबळ पुरविणारा उपक्रम. अमेरिकेत बोल्डर येथील कोलोरॅडो विद्यापीठात तो 2006 मध्ये व कॅनडात व्हँकूव्हर येथील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात 2007 मध्ये सुरू झाला. दोन्हींचे प्रवर्तक भौतिकीविज्ञ कार्ल वीमन. बोस–आइन्स्टाइन संघनितावरील (अतिशीत अणू एकाच अवस्थेत येतात, ती पदार्थाची स्थिती) कार्यासाठी त्यांना 2001 चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले होते. प्राध्यापकांना प्रशिक्षण देण्याचे कार्यक्रम पूर्वीही होते. येथे बदलाचे एकक प्राध्यापक नसून विभाग मानले गेले, हे या उपक्रमाचे वेगळेपण.

पूर्वपीठिका : उपक्रमाचे मूळ कोठे शोधावे, याबाबत एकमत नाही. उच्च शिक्षणाचे अभ्यासक ते बहुधा अर्नेस्ट बॉयर यांच्या 1990 मधील कार्नेगी प्रतिष्ठानच्या अहवालाशी जोडतात. शोध, समन्वय, उपयोजन आणि अध्यापन असे विद्वत्तेचे चार प्रकार बॉयर यांनी मांडले आणि अध्यापनालाही विद्वत्तेचा दर्जा मिळावा, असा आग्रह धरला. त्यातून आपल्याच वर्गाचा पद्धतशीर अभ्यास करण्याची चळवळ उभी राहिली. ती सर्व विद्याशाखांना खुली होती, पण तिचा भर एकेका अध्यापकाच्या चिंतनावर राहिला.

दुसरे मत भौतिकी शिक्षण संशोधनाकडे बोट दाखवते. सिअ‍ॅटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात लिलियन मॅक्डरमॉट यांच्या गटाने 1970 च्या दशकापासून विद्यार्थ्यांच्या चुकीच्या कल्पनांचा अभ्यास करून त्यावर स्वाध्याय-पुस्तिका तयार केल्या. या पुस्तिका बोल्डरमध्ये स्टीव्हन पोलॉक व नोआ फिंकलस्टाइन यांनी उपक्रम सुरू होण्याच्या काही वर्षे आधीच वापरात आणल्या होत्या. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनाच खालच्या वर्गांत साहाय्यक म्हणून नेमण्याची योजनाही तेथे रुजली होती. उपक्रमातील साधने, चाचण्या आणि माणसे पाहता हे दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते. स्वतः वीमन यांनी 2007 मधील एका लेखात तिसरेच कारण दिले आहे. सतरा वर्षे वर्गात उत्तम गुण मिळवून आलेले विद्यार्थी प्रयोगशाळेत आले की चाचपडत. मात्र तेथेच दोन ते चार वर्षे काम केल्यावर तरबेज होत. वर्गात काय घडत नाही, हा प्रश्न त्यांना आकलनविज्ञानाकडे घेऊन गेला.

रचना : विद्यापीठाने निधी मध्यवर्ती केंद्राकडे न ठेवता विभागांकडून प्रस्ताव मागविले व स्पर्धेतून निवडलेल्या विभागांना तो दिला. बोल्डर येथे सुमारे 50 लाख, तर व्हँकूव्हर येथे त्याच्या जवळपास दुप्पट डॉलर खर्च झाल्याचे मानले जाते. विभागाने प्रत्येक अभ्यासक्रमाबाबत तीन प्रश्नांची उत्तरे शोधायची होती: विद्यार्थ्याला शेवटी काय करता आले पाहिजे, सध्या तो प्रत्यक्षात काय शिकतो आणि कोणत्या अध्यापनपद्धतीने हे अंतर कमी होईल. पहिला प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. ‘विद्युत्‌चुंबकत्व समजणे’ हे उद्दिष्ट चालत नसे. विद्यार्थी काय करून दाखवील, हे क्रियापदासह लिहावे लागे, आणि त्यावर विभागातील प्राध्यापकांचे एकमत घडवावे लागे.

या कामाचा कणा म्हणजे ‘सायन्स टीचिंग फेलो’. त्या त्या विषयात पीएच.डी. केलेली, अध्यापन-संशोधनाचे प्रशिक्षण घेतलेली ही तरुण व्यक्ती विभागातच बसे. रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाला रसायनशास्त्रच जाणणारा सहकारी भेटे. त्यामुळे ‘शिक्षणशास्त्रवाले आम्हाला काय शिकवणार’ ही नेहमीची तक्रार बोथट होई. फेलो विद्यार्थ्यांच्या मुलाखती घेई, चाचण्या बसवी, वर्गात मागे बसून नोंदी करी आणि प्राध्यापकाबरोबर प्रश्न तयार करी. प्राध्यापकांना त्याबदल्यात तासांचा भार कमी करणे किंवा साहाय्यक देणे असे मोबदले होते. व्हँकूव्हर येथे पृथ्वी व सागरविज्ञान विभागाने हे काम विशेष व्यापकपणे केले.

मापन : उपक्रमाची मदार मापनावर होती. वर्गनिरीक्षणासाठी 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘कोपस’ या पद्धतीत निरीक्षक दर दोन मिनिटांनी प्राध्यापक काय करतो व विद्यार्थी काय करतात याच्या ठरावीक खुणा करतो. चांगले-वाईट ठरविण्याचे काम त्यात नाही, म्हणून ती विभागांना पटकन पचली. विषयाबद्दलची विद्यार्थ्यांची दृष्टी तज्ज्ञांच्या किती जवळ आहे, हे पाहण्यासाठी 42 विधानांची प्रश्नावली बोल्डर येथेच तयार झाली होती.

संकल्पना-चाचण्यांचा नमुना मात्र जुना होता. हेस्टेनिस, वेल्स व स्वॅकहॅमर यांनी 1992 मध्ये प्रसिद्ध केलेल्या बल-संकल्पना चाचणीत आकडेमोड नाही. अवजड ट्रक छोट्या मोटारीवर समोरून आदळला तर कोणाचे कोणावर बल जास्त, असे तिचे प्रश्न असतात. दोन्ही बले सारखी असतात, हा न्यूटनचा तिसरा नियम विद्यार्थ्याला पाठ असतो. तरीही ‘ट्रकचे बल जास्त’ यावर खूण करणारे पुष्कळ निघतात. अभ्यासक्रमाआधी व नंतर चाचणी घेऊन वाढ मोजतात. रिचर्ड हेक यांनी रूढ केलेल्या सूत्रात प्रत्यक्ष वाढीला शक्य त्या कमाल वाढीने भागतात: वर्गाची सरासरी 40 वरून 70 टक्क्यांवर गेली तर वाढ 30, शक्य वाढ 60, म्हणून प्रमाणित वाढ 0.5. त्यांनी 1998 मध्ये 62 अभ्यासक्रमांतील 6,542 विद्यार्थ्यांची आकडेवारी मांडली. पारंपरिक वर्गांची सरासरी वाढ 0.23, तर आंतरक्रियात्मक (विद्यार्थ्यांना चर्चेत व कृतीत गुंतविणाऱ्या) वर्गांची 0.48 आली. या मापाविरुद्ध आक्षेप असा, की ते पूर्वचाचणीतील गुणांपासून पूर्णतः स्वतंत्र नाही. चांगल्या तयारीने आलेल्या वर्गाला ते झुकते माप देते. त्यामुळे अलीकडे प्रमाण विचलनात (गुण सरासरीभोवती किती विखुरले आहेत, त्याच्या मापात) व्यक्त होणारे परिणाम-मान वापरण्याकडे कल आहे. तुलना एकाच संस्थेतील वर्गांची असेल, तर जुने मापही कामचलाऊ ठरते.

व्हँकूव्हरचा प्रयोग : सर्वाधिक चर्चा झाली ती लुई देलोरिये, एलन शेल्यू व वीमन यांच्या 2011 मधील ‘सायन्स’ नियतकालिकातील निबंधाची. पहिल्या वर्षाच्या भौतिकीच्या, प्रत्येकी अडीचशेहून अधिक विद्यार्थ्यांच्या दोन तुकड्यांना विद्युत्‌चुंबकीय तरंगांचा एकच भाग एक आठवडा शिकविण्यात आला. एका तुकडीत अनुभवी, विद्यार्थिप्रिय प्राध्यापकाचे व्याख्यान. दुसरीत शिकविण्याचा फारसा अनुभव नसलेला, पण या पद्धतीत तयार झालेला संशोधक. दुसऱ्या तुकडीत विद्यार्थी आधी वाचून येत, क्लिकरवर (उत्तराचे बटण दाबण्याचे हातातील उपकरण) उत्तर देत, शेजाऱ्याशी वाद घालून पुन्हा उत्तर देत. स्पष्टीकरण त्यानंतर मिळे. नंतरच्या चाचणीत गुणांची सरासरी अनुक्रमे 41 व 74 टक्के आली. कालावधी जेमतेम तीन तासांचा, चाचणी प्रयोगकर्त्यांच्या माहितीतील आणि नावीन्याचा प्रभाव वगळलेला नाही, असे आक्षेप लगेच आले. ते गैरलागू नाहीत. एवढ्या मोठ्या फरकाला सर्वसाधारण फळ मानणे धाडसाचे होईल. स्कॉट फ्रीमन व सहकाऱ्यांनी 2014 मध्ये 225 अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले, त्यातील चित्र अधिक संयत आहे: परीक्षेतील गुणांत प्रमाण विचलनाच्या सुमारे निम्मी वाढ आणि नापासांचे प्रमाण व्याख्यानवर्गात 33.8, तर विद्यार्थ्यांना सक्रिय ठेवणाऱ्या वर्गात 21.8 टक्के.

फलित व मर्यादा : नवी पद्धती करून पाहणाऱ्या भौतिकी प्राध्यापकांपैकी सुमारे एकतृतीयांश ती सोडून देतात, असे हेंडरसन व डॅन्सी यांच्या 2012 मधील अमेरिकी पाहणीत आढळले. फेलोची साथ मिळालेल्या विभागांत अशी माघार क्वचितच दिसली, असे वीमन सांगतात. 2017 मधील आपल्या पुस्तकात त्यांनी सर्वांत मोठा अडसर म्हणून विद्यापीठांच्या बक्षीसव्यवस्थेकडे बोट दाखविले: बढती संशोधनावर मिळते, चांगले शिकविण्यावर नाही. विभागांची प्रगतीही सारखी नव्हती. विभागप्रमुख बदलला की काम मंदावल्याची उदाहरणे आहेत.

भारतातील स्थिती : या धर्तीचा विभागनिहाय उपक्रम भारतात रुजलेला दिसत नाही. 1986 च्या शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने उभी केलेली अकॅडमिक स्टाफ कॉलेजे (ही नावे नंतर बदलली) उलट दिशेने चालत: उद्बोधन किंवा उजळणी वर्गासाठी प्राध्यापक एकटाच काही आठवडे बाहेर जाई व परत त्याच विभागात येई. शिवाय संलग्न महाविद्यालयांत अभ्यासक्रम अभ्यासमंडळ ठरवते आणि अंतिम प्रश्नपत्रिका विद्यापीठ काढते. त्यामुळे वरील तीन प्रश्नांपैकी पहिला विभागाच्या हाती पुरता उरत नाही. संशोधनाची बाजू मात्र मुंबईत बळकट आहे. 1974 मध्ये स्थापन झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा भर शालेय शिक्षणावर असला, तरी पदवीस्तरासाठीही तेथे कार्यक्रम चालतात. विज्ञान-शिक्षण संशोधनाच्या ‘एपिस्टीम’ परिषदांच्या मालिकेतील पहिली परिषद या केंद्राने 2004 मध्ये गोव्यात घेतली. पवईच्या आयआयटीत शैक्षणिक तंत्रज्ञानाचा पीएच.डी. कार्यक्रम असून, संगणक प्रोग्रॅमिंगच्या प्रथम वर्षाच्या मोठ्या वर्गात ‘विचार करा, जोडीने बोला, वर्गापुढे मांडा’ या पद्धतीचा तेथे झालेला अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला.