एकट्या औषधाला न जुमानणारा क्षय

क्षयरोगावरच्या पहिल्या गुणकारी औषधाची, स्ट्रेप्टोमायसिनची, मोठी चाचणी ब्रिटनमध्ये १९४७ साली सुरू झाली आणि ते औषध निकामी होतानाही पहिल्यांदा नीट दिसलं ते त्याच चाचणीत. औषधांना दाद न देणारा टीबी हा अलीकडचा धोका आहे अशा थाटात बातम्या येतात. खरं तर त्याची नोंद औषधाइतकीच जुनी आहे.

रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू जाहीर केला तो २४ मार्च १८८२ रोजी. शत्रू कळला, शस्त्र मात्र नव्हतं. पाच वर्षांनी आनंदीबाई जोशी पुण्यात क्षयानेच गेल्या, वयाच्या एकविसाव्या वर्षी, अमेरिकेतली वैद्यकीय पदवी हाती असताना. पुढे पेनिसिलिन आलं तरी क्षयाच्या रुग्णांना त्याचा उपयोग झाला नाही. या जंतूचं आवरण जाड आणि मेणचट असतं, शिवाय पेनिसिलिन तोडून टाकणारं विकर (एन्झाइम) त्याच्याकडे मुळातच आहे.

१९४३ साली अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात सेलमन वॅक्समन यांचा विद्यार्थी अल्बर्ट शात्झ याने मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून स्ट्रेप्टोमायसिन मिळवलं. (नोबेल १९५२ साली एकट्या वॅक्समनना मिळालं. आपलंही श्रेय आहे एवढं मान्य करून घ्यायला शात्झला आधीच कोर्टाची पायरी चढावी लागली होती.) जंतूच्या पेशीत प्रथिनं जुळवणारे रायबोसोम असतात. स्ट्रेप्टोमायसिन तिथे चिकटतं, जुळणी चुकत जाते आणि जंतू मरतो. आपल्या पेशींतले रायबोसोम वेगळ्या घडणीचे असल्यामुळे ते बहुतांशी वाचतात. कानाच्या नसांना मात्र हे औषध इजा करतं. या जातीच्या इंजेक्शनांनी बरे झालेले, पण ऐकू येईनासे झालेले रुग्ण पुढे कित्येक वर्षं दिसत राहिले.

ब्रिटिश चाचणीत ५५ रुग्णांना स्ट्रेप्टोमायसिन मिळालं, ५२ जणांना फक्त अंथरुणावरची विश्रांती. सहा महिन्यांत पहिल्या गटातले ४ दगावले, दुसऱ्यातले १४. एवढ्यावर थांबलं तर चमत्कारच. पण औषध घेणाऱ्यांपैकी ज्या ४१ जणांचे जंतू तपासले, त्यांतल्या ३५ जणांच्या जंतूंवर स्ट्रेप्टोमायसिन चालेनासं झालं होतं. पाच वर्षांनी हिशेब केला तेव्हा पहिल्या गटातले ३२ आणि दुसऱ्यातले ३५ जण मरण पावले होते. सुरुवातीची आघाडी जवळजवळ पुसली गेली होती.

असं का झालं? रुग्णाच्या शरीराला औषधाची सवय झाली, असं आजही सर्रास बोललं जातं. ते चूक आहे. बदलतो तो जंतू, आणि तोही औषधाच्या सांगण्यावरून नव्हे. विभाजन होताना जनुकांच्या नकलेत चुका होतात आणि एखादी चूक योगायोगाने औषधाचा नेम चुकवणारी निघते. जोशुआ आणि एस्थर लेडरबर्ग या शास्त्रज्ञ दांपत्याने १९५२ साली मखमलीच्या तुकड्याने जंतूंच्या वसाहतींचे ठसे एका बशीतून दुसऱ्या बशीत उतरवले आणि दाखवून दिलं की औषध कधी पाहिलेलंही नाही अशा वसाहतींत प्रतिरोधक जंतू आधीच असतात. औषध फक्त बाकीच्यांना मारून त्यांना जागा मोकळी करून देतं.

क्षयाच्या बाबतीत ही आकडेमोड फार बोलकी आहे. आयसोनायाझिड आणि रिफाम्पिसिन ही पुढे आलेली दोन औषधं घ्या. आयसोनायाझिडला न जुमानणारा जंतू साधारण दहा लाखांत एक, रिफाम्पिसिनला न जुमानणारा दहा कोटींत एक. फुप्फुसातल्या एका पोकळीत दहा कोटी जंतू सहज असतात. म्हणजे एकच औषध दिलं तर वाचणारे तिथे तयारच आहेत. दोन्ही एकदम दिली तर दोन्ही चुका एकाच जंतूत असण्याची शक्यता शंभर लाख कोटींत एक! ब्रिटनमध्ये १९५० पर्यंत स्ट्रेप्टोमायसिनला पीएएस या क्षयावरच्या दुसऱ्या औषधाची जोड देऊन ही कल्पना खरी ठरली होती. १९५२ साली आयसोनायाझिड आलं, साठच्या दशकाच्या उत्तरार्धात रिफाम्पिसिन. आयसोनायाझिडची गंमत अशी की ते मुळात निष्क्रिय असतं. जंतूचंच एक विकर त्याला जागं करतं आणि मग ते जंतूचं मेणचट आवरण बनू देत नाही. त्या विकराचं जनुक बिघडलं की औषध झोपलेलंच राहतं.

म्हणजे उत्तर सत्तर वर्षांहून अधिक काळ हाताशी आहे. बिघडलं ते वापरात. १९९१ साली मुंबईच्या वस्त्यांतल्या शंभर खासगी डॉक्टरांच्या पाहणीत क्षयासाठी ८० वेगवेगळ्या औषधयोजना आढळल्या. २०१० मध्ये धारावीत झालेल्या पाहणीत १०६ पैकी फक्त ६ डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर निघाली. गुण येत नाही म्हणून चालू गोळ्यांत आणखी एकच औषध वाढवणं ही तर नेहमीची चूक. आधीची औषधं निकामी झालेली असतील तर ते नवं औषध प्रत्यक्षात एकटंच लढत असतं. अशा वेळी ‘रुग्णाने कोर्स अर्धवट सोडला’ एवढंच म्हणून हात झटकणं मला अन्यायाचं वाटतं. शिवाय प्रतिरोधक जंतू खोकल्यातून पसरतो. आज एमडीआर टीबी, म्हणजे आयसोनायाझिड आणि रिफाम्पिसिन या दोन्हींना न जुमानणारा क्षय, झालेल्या अनेकांनी आधी क्षयाची एक गोळीही घेतलेली नसते.

२०११ च्या अखेरीस मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी, तपासलेल्या सर्व औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाचे चार रुग्ण प्रसिद्ध केले. सरकारने ‘टोटली ड्रग-रेझिस्टंट’ या नावालाच हरकत घेतली. तरी २०१२ मध्ये क्षयाच्या प्रत्येक रुग्णाची नोंद सरकारला कळवणं खासगी डॉक्टरांनाही बंधनकारक झालं. रिफाम्पिसिनचा प्रतिरोध दोन तासांत सांगणारी सीबीनॅट चाचणी पसरली, आणि आठवड्यातून तीनदा गोळ्या देण्याची सरकारी पद्धत जाऊन २०१७ पासून रोजची मात्रा आली.

जंतूचं ऊर्जा बनवणारं यंत्र बंद पाडणारं बेडाक्विलिन अमेरिकेत २०१२ च्या अखेरीस मंजूर झालं. त्याच्याभोवती बांधलेले सहा महिन्यांचे, विनाइंजेक्शनचे उपचार आता एमडीआर रुग्णांना मिळू लागले आहेत. पण बेडाक्विलिनला न जुमानणारे जंतूही सापडत आहेत, आणि त्यांतले काही क्लोफाझिमिन या कुष्ठरोगावरच्या जुन्या औषधालाही दाद देत नाहीत. सीबीनॅटमध्ये हा प्रतिरोध दिसत नाही. त्यासाठी जंतू वाढवून पाहावे लागतात, नाहीतर त्यांची जनुकं वाचावी लागतात. जंतू वाढवायचे तर त्यात कित्येक आठवडे जातात.